थोरलीच्या दारावरचे दात

मुलांनो, कल्पना करून बघा, तुमच्या घरी एक गाडी आहे आणि दर रविवारी तुमचे बाबा तुम्हाला सोडून तिचेच लाड करत बसतात. केतकीच्या घरी तसंच होतं. दारांवर सागवानी पट्ट्या असलेल्या जुन्या जीपला बाबा ‘माझी थोरली’ म्हणत आणि मऊ फडक्यानं त्या पट्ट्यांना अळशीचं तेल लावत. केतकी पायरीवर बसून धुमसत राही.

पुढे घर बदलायचं ठरलं. नव्या घरी गाडी ठेवायला जागा नव्हती, म्हणून बाबांनी ती ऑनलाइन लिलावात काढली. फोटो काढायचं काम केतकीनं आनंदानं घेतलं. जाऊ दे एकदाची! गाडीचे सगळे दोष दाखवायचे, असा लिलावाचा नियम होता. बाबांनी खालचा गंज लिहिला, घोगरा हॉर्नही लिहिला. पण मागच्या दाराच्या पट्टीवर बारीक खड्ड्यांची एक रांग केतकीला सापडली.

“बाबा, लाडकीची ही खोट बरी लपवलीस!”

बाबांनी पट्टीवरून बोट फिरवलं. “खोट कसली? तुला दात येत होते, तेव्हा तू हीच पट्टी चावायचीस. सुतार दोनदा म्हणाला, घासून गुळगुळीत करतो. मी हात लावू दिला नाही.”

केतकीनंही त्या खड्ड्यांवरून बोट फिरवलं. मग तिनं त्या खड्ड्यांचा फोटो काढला, लिलावात टाकला आणि खाली लिहिलं, ‘हे थोरलीच्या धाकट्या बहिणीचे दात आहेत. गाडी घेणाऱ्यानं घासायचे नाहीत.’