जावई कितव्या फेरीत?

सहावी फेरी संपली तरी विजयसिंहला कुणी घेतलं नव्हतं, आणि कृष्णातच्या कपाळावरचा घाम काही थांबत नव्हता.

विजयसिंह हा शेजारच्या पेठेच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर. गेल्या हंगामात त्यानं एकोणीस गोल खाल्ले होते. त्यातला एक त्यानं स्वतःच्याच हातानं आत टाकला होता. आणि गेल्या रविवारपासून तो कृष्णातचा होणारा जावई होता. लेकीची, रूपालीची, सुपारी फुटली होती. मे महिन्यातली तारीख धरली होती. मंडपवाल्यालाही सांगून झालं होतं.

तालमीच्या माडीवर सहा जण मांडी घालून बसले होते. हा खेळ आणला प्रसेनजीतनं. राजारामपुरीत त्याचा कॉम्प्युटरचा क्लास. परदेशात लोक खऱ्या खेळाडूंच्या खोट्या टीम करतात, असं त्यानं इंटरनेटवर वाचलं. पाळीपाळीनं एकेक खेळाडू निवडायचा. एकानं घेतलेला दुसऱ्याला मिळत नाही. अकरा फेऱ्या, अकरा खेळाडू. मग हंगामभर ते मैदानात जे दिवे लावतील त्याचे गुण आपल्याला. पेठेनं या प्रकाराला 'वाटणी' असं नाव दिलं, आणि वाटणीत होतात ती भांडणंही लगोलग सुरू झाली. परदेशातला खेळाडू टीव्हीत राहतो. इथला सकाळी दूध घालायला दारात येतो. सहातल्या बाळासोनं एका हाफबॅकला आठव्या फेरीत घेतलं, म्हणून त्या पोराच्या चुलत्यानं बाळासोशी बोलणं टाकलं होतं. ते अजून टाकलेलंच होतं.

कृष्णातची पिठाची गिरणी. दोन वर्षं ओळीनं वाटणी त्यानं जिंकली होती. पेठ बघायची नाही, नातं बघायचं नाही, पायातला खेळ बघायचा, हे तो दळण टाकायला आलेल्या बायकांनाही समजावून सांगायचा. आज मात्र घरातून निघताना बायकोनं, सरूबाईनं, उंबऱ्यातच अडवलं होतं.

"जावयाला पयला घ्या. पोरीचं लगीन हाय."

कृष्णातनं पहिल्या फेरीत स्ट्रायकर घेतला. एकोणीस गोल खाणाऱ्याला दुसरं कोण घेतंय? शेवटच्या फेरीत तो आपसूक आपल्याकडं येणार. टीमही राहील, जावईही राहील. विचार बिनतोड होता. फक्त दर फेरीला कुणीतरी गोलकीपरांच्या यादीकडं बघायचं आणि कृष्णात मांडी मोडून पुढं सरकायचा. सासऱ्यानं सोडला आणि परक्यानं उचलला, अशी बोंब झाली तर? आणि परक्यांनीही उचललाच नाही, तर ते तरी बरं दिसेल का?

नवव्या फेरीत बाळासोचं बोट नेमकं विजयसिंहवर थांबलं.

"ह्यो घेऊ काय रं?"

"घे की. मला काय त्याचं?" कृष्णातचा आवाज जरा चिरकला.

"जावई न्हवं तुझा?"

"खेळात कसला आलाय जावई!"

बाळासोनं बराच वेळ विचार केला. मग बोट उचललं. "नगं. एकोणीस म्हंजे लईच झालं की."

माडी हसली. कृष्णातही हसला. जावयाला हसताना सासऱ्यानं किती हसावं, याचा त्याला अंदाज येईना.

अकराव्या फेरीत, सगळ्यांच्या शेवटी, त्यानं विजयसिंहचं नाव घेतलं. टीम झकास झाली होती. तो शीळ घालत जिना उतरला आणि खालच्या पायरीवरच थबकला. चौकातल्या फळ्यावर प्रसेनजीत खडूनं याद्या लिहीत होता. फेरीसकट.

"हे फेरी-बिरी कशाला लिवलंस?"

"काका, मागच्या वर्षी तुमीच सांगितलंसा. लोकांना कळू दे म्हणालासा, कोण किती डोकं चालवतंय."

"जावयाला पयल्यात टाक की."

"मग तुमचा स्ट्रायकर अकराव्यात जातोय. त्याचा बा पैलवान हाय, काका."

कृष्णात फळ्याकडं बघत उभा राहिला. सहासष्ट नावं होती. सहासष्टावं नाव जावयाचं होतं, आणि प्रसेनजीतचं अक्षर फार सुंदर होतं.

घरी सरूबाईनं कृष्णातचं ताट सगळ्यांच्या शेवटी वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गिरणीत डब्यांची रांग लागलेली असताना, धोंडुबाई आल्या. विजयसिंहच्या आई. हातात डबा नव्हता, पिशवी नव्हती. विहीण रिकाम्या हातानं गिरणीत येते म्हणजे दळण वेगळंच असणार. कृष्णातनं बटण दाबलं. पट्टा फडफडत थांबला. रांगेतल्या बायका दोन पावलं पुढं सरकल्या, कुणी सांगितलं नसताना.

"फळा वाचला," धोंडुबाई म्हणाल्या.

"विहीणबाई, नुसता खेळ हाय त्यो..."

"पोराला शेवटाला घेतलासा."

"व्हय, पन... घेतला की!" कृष्णातला मंडपवाला दिसायला लागला. दिलेला शब्द दिसायला लागला. गिरणीमागच्या स्वयंपाकघरात बसलेली रूपाली दिसायला लागली. "पायजे तर पुढच्या साली पयला घेतो. आईशप्पत."

धोंडुबाई गव्हाच्या पोत्यावर टेकल्या. पदरानं त्यांनी तोंड पुसलं आणि त्या चक्क हसल्या.

"घाबरताय कशापायी, पावणं? शेवटाला का असंना, घेतलासा न्हवं? मग झालं की."

कृष्णातचा जीव भांड्यात पडला. चहा सांगायला तो दाराकडं वळला.

"आता सून बघताना आमच्या यादीत रूपाली चौदावी हुती," सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा मायाळू आवाजात धोंडुबाई म्हणाल्या, "आमी कवा बोलून दावलं का?"