उजवा कौल

"पाय सरळ कर बघू," डॉक्टरबाई म्हणाल्या.

सानवीने दात आवळून डावा गुडघा टेबलावर दाबला. तो टेकेना. गुडघ्याखालून डॉक्टरबाईंचा हात आरामात जाऊन आला.

रत्नागिरीच्या या दवाखान्यात तिची ही दुसरी खेप. अडीच महिन्यांपूर्वी खो-खो खेळताना पडली, तेव्हा फोटो बघून याच बाईंनी बजावलं होतं, "गुडघ्यातली दोरी तुटली नाही, पण तिने हाडाचा टवका उपटलाय. आठवड्याभरात जागच्या जागी शिवून टाकू. पोर पुन्हा पळेल." त्याच आठवड्यात सानवीचा आजा, महिपत, गावच्या देवळात गेला होता.

"मग आता?" सानवीच्या आईने, दीपालीने विचारलं.

"टवका भलत्याच जागी जुळलाय. पाचर ठोकल्यासारखा. तासून काढला तर पाय थोडाफार सरळ होईल. खो-खो मात्र विसरा."

सानवी छताकडे बघत राहिली. जिल्ह्याच्या संघात निवड झाल्याचं पत्र अजून तिच्या दप्तरातच होतं.

"पण देवानं उजवा दिलान," महिपत म्हणाला. "माज्या डोळ्यांसमोर उजवी पाकळी पडली."

डॉक्टरबाईही यांच्याच लांजा तालुक्यातल्या. देवाच्या दोन्ही अंगांना पाकळ्या चिकटवायच्या, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार, हे त्यांना कोणी समजवायला नको होतं.

"आजोबा, देवाला विचारलंत काय?"

"पोरीचा पाय बरा व्हईल ना, म्हणून."

"ऑपरेशन करू का, असं नाही विचारलंत?"

महिपतने टोपी काढून मांडीवर ठेवली. सोयरीक असो, विहिरीची जागा असो, कौलाला गाऱ्हाणं घालायला गाव त्यालाच पुढे करायचं. प्रश्न कसा नेमका घालावा, हे तोच चारचौघांना शिकवायचा.

"बरा व्हईल म्हटलान," तो पुटपुटला, "तर चिरायचा कशाला, असा वाटला मला."

दीपाली पोरीच्या गुडघ्याखाली घडी केलेली चादर सरकवू लागली. सासऱ्यासमोर तेव्हाही ती बोलली नव्हती. आता तिला त्याच्यापेक्षा स्वतःचाच जास्त राग येत होता.

"देव खोटा कसा बोलंल?" महिपत सगळ्यांना विचारत होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

सानवीने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"नाय बोलला खोटा, आबा," ती म्हणाली. आणि तिने आपला उजवा पाय उचलून हवेत ताठ सरळ धरला. "उजवा बराच हाय."