मधला पहारा

दीपक वेळेवर आला आणि गेणबांचा चेहरा उतरला.

कळस गावच्या मंदिरात सप्ताह चालू होता. सात दिवस वीणा भुईला टेकवायची नाही. एकाच्या गळ्यातून निघाली की दुसऱ्याच्या गळ्यात, ज्याचा त्याचा पहारा ठरलेला. गेणबांनी वीणा दीपकच्या गळ्यात घातली. दीपकनं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं, त्यांनी दीपकच्या. तिथं वय बघत नाहीत. समोर उभा असेल तो पांडुरंगच. मग उराउरी भेट झाली आणि गेणबा मंडपाचा खांब धरून बराच वेळ दाराकडं बघत राहिले.

त्या दारातून त्यांचा धाकटा भाऊ ज्ञानू यायला हवा होता. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांचं बोलणं तुटलं होतं. पोरांच्या लग्नातसुद्धा ते मांडवाच्या दोन टोकांना बसले. बांधावर समोरासमोर आले तर एक जण वाट सोडून उसात शिरायचा. पण गेली तीन वर्षं सप्ताहात गेणबांच्या गळ्यातली वीणा थेट ज्ञानूच्या गळ्यात जायची. वर्षातून तेवढं एकदा भाऊ भावाच्या पाया पडायचा, छातीला छाती लागायची. बोलायचे नाहीत. पण गेणबांचा हात ज्ञानूच्या पाठीवर जरा जास्त वेळ राहायचा. त्या वेळी टाळकरी उगाच मोठ्यानं गायचे, म्हणजे कुणाचा हुंदका कुणाला ऐकू जायला नको.

हे सगळं व्हायचं एका चुकीमुळं.

भांडण झाल्यापासून गावानं दोघांच्या मधे दीपकचा पहारा ठेवला होता. पुढं पहाऱ्यांची मांडणी मोबाईलवर आली. ती केली दीपकच्या बहिणीनं, सुप्रियानं. बारामतीच्या एका कंपनीत ती कामांचे असेच नकाशे बनवायची. प्रत्येक पहाऱ्याला एक चौकोन, एका चौकोनातून दुसऱ्याकडं जाणारा बाण. पहारा संपत आला की पुढच्याला आपोआप निरोप. कुणाला अडचण आली तर बदल करता यावा म्हणून तिनं तो नकाशा सगळ्यांना उघडा ठेवला होता. आणि दर वर्षी कुणाच्या तरी बोटानं दीपकचाच चौकोन पुसला जायचा. बाण आपला सरळ ज्ञानूला जाऊन भिडायचा. दीपक निरोपाची वाट बघत घरी लोळत असायचा आणि ज्ञानू दोन पहारे एकटा उभा राहायचा, तक्रार न करता.

"दीपक, त्या मोबाईललाबी तुझा भरवसा न्हाय," सप्ताहाचा कारभार बघणारे हिंदुराव म्हणायचे. ते सुप्रियाला लागायचं. काम तिचं होतं.

औंदा तिनं प्रत्येक चौकोनाला कुलूप घातलं. काढायचा झाला तर विनंती तिच्याकडं यायची. तिनं हो म्हटलं तरच निघायचा. गावात तिनं हे कुणाला सांगितलं नाही. चुकून दाबणाऱ्याला आधी सांगून काय उपयोग? सप्ताहभर विनंत्या येत राहिल्या. ऑफिसात बसल्या बसल्या ती सगळ्यांना नाही म्हणत गेली, नाव न बघता. शेतकऱ्यांची जाड बोटं, छोटा पडदा, होतं असं. एकही चौकोन हलला नाही. काल्याच्या दिवशी हिंदुरावांनी तिला व्यासपीठावर बोलावून नारळ दिला.

काल्याला आठवडा झाला नसेल. उसाला पाणी देता देता गेणबा बांधावर टेकले ते उठलेच नाहीत. सगळ्यांच्या आधी ज्ञानू पोचला. भावाचे पाय मांडीवर घेऊन चोळत बसला. लोकांनी सोडवलं तरी सोडेना.

दहाव्याच्या प्रवचनाला सुप्रिया बारामतीहून आली. महाराज गोड बोलले, बायाबापड्या रडल्या. ज्ञानूचे डोळे कोरडे होते. लोक पांगल्यावर त्यानं सुप्रियाला खुणेनं बाजूला बोलावलं.

"पोरी, तुझ्या कामात खोट नव्हती," तो म्हणाला. "दीपकचा चौकोन मीच काढत हुतो."

 मग त्यानं सगळं सांगितलं. नातीकडून शिकून घेतलं होतं. पहाऱ्याच्या दिवशी सकाळी मोबाईल घेऊन गोठ्यात जायचा. दादाच्या पायाला हात लावायला दुसरी जागाच उरली नव्हती. आणि गावाला ती चूक वाटायची तेच बरं होतं. त्यात कुणी कुणापुढं वाकल्यासारखं होत नव्हतं.

"मग या वर्षी, आबा?"

"औंदा हात लावला न्हाय. म्हटलं, तीन वर्सं मी काढला. दादाला माझी याद येत आसंल तर यंदा दादा काढंल. सकाळधरनं मोबाईल म्होरं धरून बसलो हुतो. चौकोन हाय तिथंच." त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं. "त्याच्या मनातनं मी गेलोच हुतो, बघ."

सुप्रियानं मोबाईल काढला. नाकारलेल्या विनंत्या तिनं पहिल्यांदाच नावांसकट वाचल्या. पहाऱ्याच्या दिवशीची सकाळ आली आणि तिचं बोट थांबलं. एकच नाव खाली खाली येत होतं, पुन्हा पुन्हा, दीपक वीणा घ्यायला उभा राहीपर्यंत.

"आबा," ती म्हणाली, "गेणबातात्या काढत होते. मी काढू दिला न्हाय."