शून्य युनिट

विजेचा मीटर सहा महिने फिरला नाही, की घर रिकामं धरायचं, हा आमच्या संशोधनातला नियम मीच सुचवलेला. घाटकोपरमधल्या पुनर्वसन इमारतीत अशी एकतीस घरं निघाली. ‘रिकामी घरं ताब्यात घ्यावीत,’ असं अहवालात लिहून, त्या घरांची यादी जोडून आम्ही मोकळे झालो. नंतर संशोधनाच्या मार्गदर्शक सरांनी फोटो काढायला पाठवलं. सातव्या मजल्यावरचं शेवटचं दार नुसतं लोटलेलं होतं. ढकललं, तर भरदुपारच्या काळोखातून आवाज आला, “महादू, झिला, माझ्या पोरा, इलंस रे?” म्हातारीचे डोळे पांढरे होते. “आजी, दिवा नाही लावत?” “आंधळीक दिवो कित्याक?” “पंखा तरी? केवढं उकडतंय!” “पंख्याच्या आवाजात महादूची पावलां ऐकाक येनत नाय गो.” हे घर वगळा म्हणून मी सरांना फोन केला. “यादी सरकारकडे गेली गं. सोमवारी ताबा घेतील.” म्हातारी पुन्हा दाराकडे कान लावून बसली. पावलं येणारच होती, माझी यादी घेऊन.