केळं कापायचं यंत्र

“मॅडम, हे काय आहे?” सासऱ्यांनी विचारलं.

सून दुकानातल्या टेबलामागे उभी होती. अंगात पिवळा एप्रन, डोक्यावर पिवळी टोपी. “केळं कापायचं यंत्र आहे, आजोबा,” ती म्हणाली. घरी ती त्यांना बाबा म्हणायची.

तिनं टोपलीतलं एक सरळसं केळं काढून सोललं. वाकडी केळी यंत्रात बसत नाहीत, म्हणून रोज सकाळी फळवाल्याची बोलणी खात ती सरळ केळी वेचून आणायची. केळ्यावर तिनं ते शिडीसारखं पिवळं प्लास्टिक ठेवलं आणि दोन्ही हातांनी दाबलं. एकसारख्या चकत्या पडल्या.

भांड्यांच्या विभागाकडे निघालेल्या दोघीजणी थबकल्या.

“केळं कापायला यंत्र? अगं, दातांनी काय घोडं मारलंय?”

“दातांसाठी पण काढतील आता एखादं यंत्र!”

दोघी खो खो हसत पुढे गेल्या.

सासऱ्यांना हसू आलं नाही. दिवसाला पाच नग गेले नाहीत तर टेबल उठणार, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. मुलगा ज्या कारखान्यात होता तो बंद पडल्यापासून घर या टेबलावरच उभं होतं. म्हणून पाचाला जितके कमी पडतील तितके नग घरानंच विकत घ्यायला सुरुवात केली होती. काल नणंद दोन घेऊन गेली, परवा शेजारच्या मावशी. सासरे या आठवड्यात तिसऱ्यांदा आले होते. आज ओळखू येऊ नये म्हणून त्यांनी चुलतभावाचा चष्मा लावला होता, त्यामुळे त्यांना समोरचं धड दिसत नव्हतं. सुनेचा पगार असा तिच्याच टेबलावर परत येत होता. पण थोडा उरत होता, आणि त्या थोड्यावर चूल पेटत होती.

“एक द्या,” सासरे म्हणाले. जन्म ग्रंथालयात गेलेला. आवाज चढवून बोलणं त्यांना कधी जमलं नव्हतं. आपण फार कमी बोललो असं वाटून त्यांनी घाईघाईनं जोडलं, “अत्यंत उपयुक्त वस्तू आहे हो. घरोघरी हवी.”

सुनेनं डोळ्यांनीच दटावलं: पुरे.

तेवढ्यात दुकानाचा मॅनेजर लगबगीनं आला.

“ताई, अभिनंदन! कंपनीचा फोन होता. सगळ्या शहरात आपलं दुकान पहिलं. रोज बरोब्बर पाच! चार नाहीत, सहा नाहीत. साहेब म्हणाले, असा खप मी जन्मात पाहिला नाही.”

तिचा चेहरा उजळला. “मग सर, मला कायम करतील?”

“कायम कशाला? माल आता आपोआप खपतोय. उद्यापासून टेबल काढतोय आपण. यंत्रं काउंटरपाशी टांगून ठेवू. लोकांना सवय लागलीय, ते घेतीलच.”

“आपोआप नाही खपत, सर.”

“मग कसा खपतो?”

हातातली चकती तिच्या बोटांत चिरडली गेली.

सासरे यंत्राचा डबा घेऊन चार पावलं गेले होते. ते थांबले. परत फिरले.

“मला कळलं नाही,” ते म्हणाले.

“काय कळलं नाही, आजोबा?” मॅनेजरनं विचारलं.

“कसं वापरायचं ते. मॅडम, पुन्हा दाखवा.”

सुनेच्या लक्षात आलं. तिनं दुसरं केळं घेतलं.

“सालीसकट ठेवायचं?”

“नाही आजोबा, सोलून.”

“आडवं की उभं?”

“आडवं.”

“परत एकदा.”

तिनं तिसरं केळं सोललं. मॅनेजर हसला. “अहो आजोबा, डब्यावर चित्र आहे. लहान मूलसुद्धा करील.”

“मला चित्रावरून नाही कळत!” सासरे ओरडले. बिलाच्या रांगेतली माणसं वळून पाहू लागली. “माणसानं सांगावं लागतं. समोर उभं राहून सांगावं लागतं. माझ्यासारखे किती असतील! उद्या तुम्ही हे टांगून ठेवाल, मी विचारू कुणाला? या बाई इथे पाहिजेत. तुम्ही कंपनीला कळवा. लिहून देऊ का मी? कागद द्या मला, कागद द्या.”

त्यांनी मॅनेजरची बाही घट्ट धरली होती.

“बाबा...” सुनेच्या तोंडून निसटलं. मॅनेजरला त्यात काही वावगं वाटलं नाही. म्हाताऱ्या माणसाला कुणीही बाबा म्हणतं.

त्यानं त्यांची बोटं एकेक करून हळुवार सोडवली. माणूस वाईट नव्हता. त्यानं त्यांच्या हातातला डबाही काढून घेतला आणि टेबलावर ठेवला.

“आजोबा, माझं ऐका. हे घेऊच नका. केळं सरळ सुरीनं कापा. घरी कापून द्यायला कुणी आहे ना?”

सासऱ्यांचा आवाज पुन्हा खाली आला.

“आहे,” ते म्हणाले. “सून आहे. उद्यापासून घरीच असणार आहे ती.”