शून्य म्हणजे हो

"शून्य म्हणजे हो, हे काही माझ्या डोक्यात बसत नाही बाई," आई कॉम्प्युटरसमोर बसून म्हणाली. "शून्य म्हणजे काहीच नाही, असं आम्ही शिकलो."

"बटण जोडलंय त्या सर्किट बोर्डाचं उलट असतं गं," लेक म्हणाली. "बटण मोकळं असलं की त्याला जोडलेल्या पिनवर एक. बाबांनी दाबलं की शून्य. आता ही ओळ काय म्हणते? पिन शून्य असली तर हिरवा दिवा, नाहीतर लाल. संपलं."

आईनं आयुष्यभर कचेरीत टायपिंग केलं होतं. बोटं तयार होती, डोकं तेवढं कुरकुरत होतं. पण लेक नोकरीसाठी परगावी गेलीच, तर हे यंत्र तिलाच सांभाळायचं होतं. स्क्रिप्टची, म्हणजे बोर्डाला दिलेल्या सूचनांची, सोय अशी, की ओळ बदलायची, सेव्ह करायची, की बोर्ड निमूटपणे ऐकतो. बाबांचं बोट सावकाश हलतं म्हणून थांबायचा वेळ वाढवायचा, एवढं आईला जमायला लागलं होतं.

अर्धांगवायूच्या झटक्यात बाबांची वाचा गेली होती आणि हलण्याजोगं एक बोट तेवढं उरलं होतं. लेकीनं त्या बोटाखाली बटण दिलं, आणि घर पुन्हा बोलतं झालं. प्रश्न विचारायचा, कॉम्प्युटरवर एंटर मारायचं, थांबायचं. चहा? हिरवा. खिडकी उघडू? हिरवा. मामांना बोलवू? लाल. मामांचं नाव काढलं की लाल ठरलेलाच, आणि भावाचा असा अपमान झाला की आई तासभर फुगून बसायची.

आजचा प्रश्न मात्र जड होता. कृत्रिम हात बनवणाऱ्या एका दूरच्या प्रयोगशाळेनं लेकीला बोलावलं होतं आणि संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं. तिचा सगळा जीव त्या कामात होता. पण बाबांच्या होकाराशिवाय ती उंबरा ओलांडणार नव्हती. धडधाकट होते तेव्हा तेच तिला लाडानं म्हणायचे, "ठिणगे, माझ्या डोळ्यांसमोर राहा."

"ते नाहीच म्हणणार," आई म्हणाली. "इतकी वर्षं संसार केलाय, ओळखत नाही का मी त्यांना? मला विचार ना. मी सांगते, जा."

"तुझं मला माहीत आहे. त्यांचं हवंय."

दुपारी लेक सोल्डरिंगची तार आणायला बाजारात जाऊन आली. चहा राहू दे, आधी ते विचारून टाक, असं आईच म्हणाली. बाबांच्या अंगावरचं पांघरूण आई उगाचच नीट करत होती.

"बाबा, मी जाऊ?" लेकीनं विचारलं आणि एंटर मारलं.

पांघरुणाखाली बोट हलतंय की नाही ते दिसत नव्हतं. लेक दिव्यांकडेच बघत राहिली. लाल लागला.

"पुन्हा विचार," आई म्हणाली.

पुन्हा विचारलं. पुन्हा लाल. बाबांच्या घशातून घरघर आली आणि डोळे वाहायला लागले.

"कळलं हो बाबा," लेकीनं त्यांच्या कपाळावरून हात फिरवला. "नाही जात मी. जिवाला त्रास नका करून घेऊ."

तिला राग आला, आणि अशा अवस्थेतल्या माणसावर आपण रागावतोय म्हणून लाजही वाटली. मन बदलायच्या आत तिनं गॅलरीत जाऊन फोन लावला आणि नकार कळवला. पलीकडच्या बाई हळहळल्या. जागा मग दुसऱ्या मुलीला देतो, म्हणाल्या.

ती आत आली तर आई कॉम्प्युटरसमोर तोंडावर हात धरून बसली होती.

"आई, तू नको ना रडूस. त्यांनी नाही म्हटलं, मी ऐकलं. विषय संपला."

"मला वाटलं, हे काही बटण दाबायचे नाहीत; न दाबताच हिरवा लागावा," आई म्हणाली. "म्हणून तू बाजारात गेल्यावर मी त्या ओळीतलं शून्य खोडून एक केला गं."