फ्लेक्सवरचं विमान

टॉवेलच्या धंद्यासाठी उदयसिंह आठ दिवस जर्मनीला जाणार असं नुसतं ठरलं मात्र, मित्रांनी चौकात फ्लेक्स लावूनही टाकला. त्यावर एक विमान, विमानाहून मोठा गॉगलवाला उदयसिंह आणि खाली 'परदेश दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा'. व्हिसाचं काय झालं, हे विचारायला कुणाला सवड होती? तो नाकारल्याचं कळलं, ते निघायच्या आदल्या दिवशी.

"आता फ्लेक्स उतरवला तर गल्लीत तोंड दाखवायची सोय ऱ्हायची न्हाय," बायको म्हणाली. "तुमी जावा की. कुटंबी जावा, पन जावा."

दुसऱ्या दिवशी हलग्या वाजल्या, गळ्यात झेंडूचे हार पडले आणि उदयसिंह भलीमोठी बॅग घेऊन रिक्षातून स्टेशनकडे निघाला. कोपरा वळताच त्यानं रिक्षा एसटी स्टँडकडे घ्यायला लावली. संध्याकाळी तो करमाळ्यात उतरला. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून बाजारामागचं एक आडबाजूचं लॉज त्यानं हुडकलं, तोंडाला रुमाल बांधला आणि मॅनेजरला हळूच म्हणाला, "आठ दिवसांसाठी खोली पायजे."

मॅनेजरनं त्याच्या बॅगेकडं पाहिलं, मग केसांत अडकलेल्या झेंडूच्या पाकळीकडं पाहिलं आणि किल्ल्यांच्या फळीकडं वळला.


"कुटला देश? दुबईवाल्यांना गच्चीवरची खोली देतो, तोंड जरा रापलेलं दिसाया पायजे. युरोप असंल तर एसीची घ्या."